बिजागरीला तेल

आमच्या मोहल्ल्यात कोणी भरल्या कार्यक्रमातून न सांगता उठून गेला, की मागे बायका हसतात आणि म्हणतात, "यानं बिजागरीला तेल घातलं." लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांना वाटतं, हे पणजीच्या काळापासून चालत आलेलं बोलणं असेल. कसलं आलंय पणजीच्या काळापासून! हे सनोबरनं केलं. माझ्या भिंतीपलीकडे राहते ती. हे बोलणं तिनं कसं घडवलं आणि कोणाच्या गळ्यात बांधलं, ते मी समोर बसून पाहिलंय. पाहताना मला आनंद झाला होता आणि तो अजून ओसरलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याकडून कोणी दयामायेची अपेक्षा करणार नाही.

सनोबर नान भाजते. मर्गिलान शहरातल्या आमच्या भागात निम्म्या घरांत तिचाच नान जातो. पहाटे तंदूर पेटवते, लाटलेल्या नानाच्या मध्यावर नक्षीचा ठसा मारते आणि कमरेपर्यंत आत वाकून तो तंदुराच्या भिंतीला थापते. दोन्ही हात कोपरापर्यंत चटक्यांच्या डागांनी भरलेत. बाई बारकी आहे, पण तिच्याशी घासाघीस करायची तर बाजारातले दाढीवालेसुद्धा दोनदा विचार करतात. मी रजया शिवते. कापूस पिंजून झाला की मी भिंतीच्या या बाजूला बसायचे, ती त्या बाजूला तंदुरापाशी. आमचं निम्मं आयुष्य त्या भिंतीवरून बोलण्यात गेलं.

तिचा नवरा तोलिब घरातून गेला तेव्हा त्यांची मुलगी महलियो जेमतेम चालायला लागली होती. त्यांचं रस्त्याकडचं दार फार करकरायचं. म्हातारे सासरे निमतुल्ला बाबा तोलिबला सांगून सांगून थकले होते, की बाबा रे, त्या बिजागऱ्यांना जरा तेल दे. तोलिब दुपारपर्यंत लोळणारा माणूस, तो कशाला ऐकतोय. आणि एक दिवस त्याचा तोच उठला, सरकीचं तेल घेतलं, कापसाचा बोळा माझ्याकडून मागून नेला आणि दोन्ही बिजागऱ्यांना निगुतीनं तेल घातलं. दार उघडून-मिटून पाहिलं. चकार आवाज नाही. सनोबर इतकी हरखली की संध्याकाळी तिनं मंती उकडली, मटणाची, वर दही घालून. भिंतीवरून मलाही एक वाडगा दिला. "आपा," म्हणाली, "माझ्या नवऱ्याला अक्कल आली."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो त्या न वाजणाऱ्या दारातून गेला. जाताना धाकट्या भावाचा, इल्योसचा, हिवाळी कोट घालून गेला. त्या कोटाचं अस्तर मी घातलं होतं, त्यात माझा कापूस होता, त्यामुळे माझंही त्याच्याशी थोडं वैर आहे.

आमच्याकडे माणसं जातात, यात नवल काही नाही. निम्मा मोहल्ला रशियात विटा वाहतोय. पण जाण्याची एक रीत आहे. जाणारा सगळ्यांसमोर घरच्या नानाचा एक चावा घेतो, मोठे हात पसरून दुवा देतात, आणि तो उरलेला नान खुंटीला टांगला जातो. परत आल्यावर त्यानंच तो खाऊन संपवायचा. त्या सकाळी सनोबरनं टोपली पाहिली. सगळे नान अख्खे होते.

मग मोहल्ल्यानं शब्द शोधायला सुरुवात केली. निमतुल्ला बाबा म्हणायचे, "तोलिब सफरीला गेलाय. मी झोपलो होतो म्हणून मला उठवलं नाही त्यानं." आमचे पंच मदामिन अका म्हणायचे, "निघून गेला," म्हणजे कोणाचंच मन दुखायला नको. माझा नवरा म्हणायचा, "सटकला." पाण्यावरच्या बायका "पळाला" म्हणायच्या. सनोबरला यातलं एकही पटेना.

"पळाला कसा, आपा?" ती मला म्हणाली. कणीक अशी तिंबत होती की मला त्या कणकेचीच काळजी वाटली. "पळायला मागे कोणीतरी लागावं लागतं. याच्या मागे कोण लागलं होतं? मी झोपले होते, पोर झोपली होती, कुत्रंसुद्धा झोपलं होतं."

"बरं, निसटला म्हण."

"धरलेला निसटतो. याला धरलं कोणी होतं?"

"मग गुंगारा दिला."

"त्याला डोकं लागतं."

मला हसू आलं, तिला आलं नाही. मी म्हटलं, "काढता पाय घेतला."

"तो पाहुण्यानं घ्यायचा, भांडण पेटायच्या आत. हा काय पाहुणा होता माझ्या घरी?"

"परागंदा झाला म्हणायचं का मग?"

तेव्हा मात्र ती उसळली. "परागंदा माझे आजोबा झाले! त्यांचं घर घेतलं, मळा घेतला, जीव वाचवायला डोंगर ओलांडून गेले आणि तिकडेच मेले. तो शब्द त्यांचा आहे, मुकर्रम आपा. या लोळणाऱ्याला द्यायचा नाही."

"चोरासारखा पोबारा केला, झालं? कोट तर नेलाच."

"हे बरंच जवळ आलं. पण चोर आदल्या रात्री घरच्या बाईच्या हातची मंती खात नाही." तिचे हात कणकेत तसेच राहिले. "मी त्याला शाबासकी दिली, आपा. तो माझ्याच घरातून जायची तयारी करत होता आणि मी त्याला दही वाढत होते. त्यानं बिजागरीला तेल घातलं. एवढंच म्हणायचं. दुसरं काही नाही."

आणि ती तेच म्हणत राहिली. नान घ्यायला आलेल्या प्रत्येकाला गरम नानाबरोबर तेवढं एक वाक्य मिळायचं. तोलिबची काही खबर? "बिजागरीला तेल घालून गेलाय." हळूहळू लोकांच्या तोंडी बसलं. पोरं शाळेतून सटकली की मास्तरीणबाईसुद्धा तेच म्हणू लागल्या. स्वतःच्या दाराचं तेल मात्र तिनं त्याच आठवड्यात राखेनं घासून काढलं आणि वर मिठाचं पाणी ओतलं. दार पुन्हा करकरायला लागलं, पहिल्यापेक्षा वाईट. डुकराला धरल्यासारखं किंचाळायचं. बाबांची नजर तोवर गेली होती. दार वाजलं की ते बसल्या जागेवरून विचारायचे, "कोण आलं?" प्रत्येक वेळी. कोणाची वाट पाहत होते ते सांगायला नको. सनोबर सगळ्या जगाशी भांडायची, पण बाबा "सफरीला गेलाय" म्हणाले की ती गप्प राहायची आणि त्यांच्या प्याल्यात चहा ओतायची.

घर चालवायला कोणीतरी जाणं भागच होतं, म्हणून चार-पाच वर्षांनी इल्योस गेला. तो रीतीनं गेला. आम्ही सगळे अंगणात होतो. छोट्या महलियोनं दोन्ही हातांत ताट धरलं होतं. इल्योसचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, लहानपणी सायकलवरून पडला होता, त्यामुळे नानाला त्याच्या चाव्याची मधेच एक टोक राहिलेली खूण पडली. खाता खाता म्हणाला, "वहिनी, मीठ कमी पडलंय हं. मी येईन तेव्हा नीट घाल." बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून दुवा दिली. नान बैठकीच्या खोलीत खुंटीला टांगला गेला.

पहिल्याच हिवाळ्यात तिकडे बांधकामाची परांची कोसळली आणि इल्योस पेटीतून परत आला. तोलिब त्या वेळी शेजारच्याच शहरात होता, कोण्या बाईबरोबर संसार मांडून. आमच्या मोहल्ल्यातला एक जण मुद्दाम जाऊन त्याला सांगून आला. तोलिब म्हणाला, "कामावरून सुटी मिळायची नाही." भावाला खांदा द्यायला आला नाही. सनोबर रडली नाही. तिनं खुंटीवरचा नान काढून त्याला जाळीचं कापड शिवलं आणि परत टांगला. मोहल्ल्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, तो इल्योसचा नान आहे. कोणी त्याला हात लावत नसे.

मग यंदाच्या वसंतात तोलिब आला. केस काळे केलेले, तोंडात एक सोन्याचा दात, चाकांची बॅग. तिकडच्या बाईनं हाकलून दिलं होतं हे आम्हाला नंतर कळलं. तो मावशीकडे उतरला आणि आधी मदामिन अकांना जाऊन भेटला, बायकोला नाही.

वेळही अशी गाठली होती की काय सांगू. महलियोचं ठरत आलं होतं. कुवा गावची मंडळी, माणसं चांगली, डाळिंबाचे मळे. नान मोडायचा दिवस धरला होता. दोन्ही घरांच्या मोठ्यांनी मिळून नान मोडला की आमच्यात सोयरीक पक्की. मदामिन अका सनोबरच्या अंगणात येऊन बसले. मीही होतेच.

"सूनबाई, कुव्याचे लोक विचारतायत, मुलीचा बाप कुठंय. आता तो आलाय तर बापाच्या जागी बसव. म्हण, सफरीला गेला होता, परत आला. बोलणं मिटलं. नाहीतर पोरीच्या पदराला कायमचं लागेल, की हिचा बाप पळालेला."

"पळालेला नव्हे," सनोबर म्हणाली.

"बघ, तूच म्हणतेस!" मदामिन अका खूश झाले. त्यांना वाटलं, बाई नरमली.

तिची अडचण खरी होती. तोलिबला बसू दिलं, तर तो उजळ माथ्यानं घरात शिरणार, बाबांच्या मागे घराचा मालक होणार, आणि सगळा मोहल्ला त्याला सफरीहून आलेला माणूस म्हणणार. नाही म्हटलं, तर पोरीची सोयरीक मोडू शकते. रात्रभर तिच्या घरचा दिवा जळत होता. सकाळी तिनं तोलिबला निरोप धाडला, की आधी एकदा येऊन भेटून जा.

दार किंचाळलं. बाबांनी विचारलं, "कोण आलं?" तोलिब आत आला आणि त्यांच्या पाया पडून रडला. म्हातारा त्याचा चेहरा चाचपत राहिला. मी बैठकीत चहा ओतत होते. तोलिब आत येऊन गादीवर टेकला, डोळे पुसले आणि त्याची नजर खुंटीवर गेली.

"हे काय..." तो उठून उभाच राहिला. "सनोबर! तू नान ठेवलास? माझा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सनोबरनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

"तुम्ही चावा घेतला होता?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं.

"घेतला नव्हता का? पहाटे. तू झोपली होतीस, म्हटलं उठवू नये. मीच घेतला आणि तिथं ठेवला." बोलता बोलता त्याला रंग चढला. "आणि लोक म्हणतात मी पळालो! बघा आपा, बघा. पळालेल्याचा नान कोणी टांगतं का?"

"नाही टांगत," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग नान मोडायच्या दिवशी सगळ्यांसमोर तो खा," सनोबर म्हणाली. "सफरीहून आलेल्यानं खावाच लागतो. खाल्लात की बापाची जागा तुमची. मी एक शब्द बोलणार नाही."

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "बाबांचा विचार केलास?"

"केला," ती म्हणाली. "पण थांबणार नाही."

त्या दिवशी अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरलं होतं. साखरेचे खडे, बदाम, कुव्याहून आलेलं पांढरं कापड, आणि मधोमध सनोबरचे दोन मोठे नान. कुव्याकडून मुलाची आजी आली होती, हफीजा बीबी, दणकट बाई, चहा आवाज करत पिणारी. तोलिब नवा कोट घालून बापाशेजारी बसला होता. सनोबर आत गेली, खुंटीवरचा नान काढला, जाळी उसवली आणि स्वच्छ रुमालावर ठेवून त्याच्यासमोर आणला.

मदामिन अकांचा प्याला अर्ध्यात थांबला. "सूनबाई, अगं हा तर—"

"थांबा, अका. ज्याचा आहे तो सांगेल." ती तोलिबकडे वळली. "सांगा सगळ्यांना. कोणाचा नान?"

"माझा," तोलिब मोठ्यानं म्हणाला. "या घरातून सफरीला निघताना मी याचा चावा घेतला होता. देवानं परत आणलं, आता संपवतो." आणि त्यानं नानाचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला. बारा-तेरा वर्षांचा नान तो, विटेसारखा. मोडेना. त्यानं कड चहात बुडवली आणि दातानं तोडली. तो सोन्याचा दात तुटावा म्हणून मी मनात प्रार्थना केली, पण माझ्या सगळ्याच प्रार्थना कुठं ऐकल्या जातात. तो कडाकडा चावू लागला.

"हा कसला आवाज?" बाबांनी विचारलं.

"मी आहे, बाबा," तोलिब भरल्या तोंडानं म्हणाला. "खुंटीवरचा नान खातोय."

"खुंटीवरचा?"

तेवढ्यात दारामागे बसलेली महलियो, जिनं त्या दिवशी तोंडातून शब्द काढायचा नसतो, ती तिथून स्पष्ट म्हणाली, "काकाचा नान, बाबाजी. इल्योसकाकाचा. ताट मी धरलं होतं."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. सनोबरनं नान त्याच्या हातात दिला. त्याची बोटं कडेवरून फिरली, ओल्या नव्या चाव्यावरून पुढे गेली आणि जुन्या चाव्यावर थांबली, त्या मधल्या टोकावर. तिथंच ती फिरत राहिली. आम्ही सगळे ते पाहत होतो. त्याच्या गळ्यातून जो आवाज आला तो मला ऐकायचा नव्हता. सनोबरनं तो ऐकला आणि नजर हलवली नाही.

तोलिबचा जबडा थांबला होता. गाल फुगलेला. आमच्यात नान थुंकत नाहीत. जमिनीवर पडलेला तुकडासुद्धा उचलून कपाळाला लावतात. त्याला थुंकता येईना आणि गिळवेना. इतकी माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कशाचं होतं त्याचं त्याला माहीत.

"गिळ," बाबा म्हणाले. "आधी त्याचा कोट नेलास. आता हेही ने."

त्यानं गिळलं. घशातून जाताना दिसलं.

हफीजा बीबींनी प्याला खाली ठेवला. "हा इल्योस कोण, आणि हे काय चाललंय, मला कोणी सांगेल का?"

सनोबरनं सांगितलं. उभ्यानंच, आवाज न चढवता. बिजागरीचं तेल, मंती, कोट, इल्योस, पेटी. "लपवून मुलगी द्यायची नव्हती," ती म्हणाली. "तिचा बाप असा आहे. आता तुम्ही उठलात तरी मी दारापर्यंत पोचवायला येईन."

बीबी बराच वेळ तिच्या भाजलेल्या हातांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या लांबून मी उपाशी जायला आले नाही. नान घे तो. तुझ्या बाजूनं तूच धर. आणि माझा नातू कुठं जाणार असेल तर सांगून जाईल, नाहीतर त्याचे पाय मी मोडीन."

दोघींनी नान धरला आणि मोडला. मदामिन अकांनी घाईघाईनं हात पसरून दुवा सुरू केली. मी मोठ्यानं आमीन म्हटलं.

तोलिब त्या गडबडीत उठला होता. बॅग भिंतीपाशी होती, तो मुक्कामालाच आला होता. दाराकडे जाताना वाटेत तंदूर लागतो आणि तिथं सकाळच्या नानांची टोपली होती. तो टोपलीपाशी थांबला. हात पुढे केला. निदान एक चावा, म्हणजे परत यायला वाट राहते, असं असावं त्याच्या मनात.

सनोबरनं जाऊन टोपलीवर फडकं टाकलं आणि त्याची चारी टोकं नीट खोचली.

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला तू म्हणाली. "जा. दार उघडंच आहे. आणि आज त्याला तेल नाही."

दार किंचाळलं. मोहल्ल्याच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. सगळ्यांनी माना वळवून पाहिलं, कुव्याच्या मंडळींनीही. तो दार लावायला थांबला नाही, ते झुलत राहिलं आणि पुन्हा पुन्हा करकरत राहिलं.

बाबांच्या मांडीवर इल्योसचा नान होता. त्यांनी सवयीनं मान वर केली.

"कोण गेलं?"

"तोलिब," सनोबर म्हणाली.

म्हाताऱ्यानं मग अगदी हळू, लहान मुलासारखं विचारलं, "सफरीला?"

इतकी वर्षं या शब्दापुढे ती गप्प बसून चहा ओतत आली होती. या वेळीही तिनं त्यांचा प्याला उचलला, भरला, त्यांच्या हातात नीट दिला, आणि मग म्हणाली, "नाही, बाबा. नुसता गेला."